पुणे ते कोल्हापूर रस्त्यावरच्या अजब जागा: आधी महिना ठरवा, मग नकाशा उघडा

प्रश्न असा आहे: पुण्याहून स्वतःच्या गाडीनं कोल्हापूरला येतोय, हातात तीन दिवस आहेत. बरोबर सत्तरीतली आई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. अंबाबाई, पन्हाळा, रंकाळा आधीच पाहून झालंय. रस्त्यावर किंवा रस्त्यापासून थोडं आत असं काही अजब, वेगळं असेल तर सांगा. ऑगस्टमध्ये यावं की डिसेंबरात?

शेवटचा भाग आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. मी कोल्हापुरातून पर्यटकांच्या गाड्या फिरवतो. माझ्याकडे येणारी मंडळी जागांची यादी घेऊन येतात. यादी चांगली असते, महिना चुकलेला असतो. आमच्याकडच्या खऱ्या अजब गोष्टी बारा महिने दिसत नाहीत. उलटा धबधबा मे महिन्यात नुसता कोरडा कडा असतो. ऑगस्टात गुऱ्हाळावर गेलात तर थंडगार चुलवाण (मोठी चूल) आणि पालथी घातलेली काहील (रस आटवायची प्रचंड कढई) बघून परत याल. खिद्रापूरचं मंदिर वर्षभर उभं आहे, पण भर दुपारी ते जे दाखवतं ते सकाळी नऊला दाखवत नाही. त्यामुळे कुठं जायचं याआधी कधी जायचं हे ठरवा.

आई आणि मुलं बरोबर आहेत म्हणून माझं मत स्पष्ट आहे: डिसेंबर. ऑगस्टची मजा वेगळी आहे आणि तीही खाली सांगतो, पण ती निसरड्या कड्यांची आणि वेळापत्रक मोडण्याची आहे.

पुण्याहून सकाळी सहाला निघालात तर पहिला थांबा लिंबला घ्या. आनेवाडीचा टोलनाका ओलांडला की सातारच्या अलीकडे लिंबचा फाटा आहे, तिथून आत शेतात बारा मोटेची विहीर. हायवेवरून रोज हजारो गाड्या जातात आणि फाट्यापाशी वेग कमी करत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. सातारच्या शाहू छत्रपतींच्या काळात वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. वरून पाहिलं तर आकार शिवलिंगासारखा दिसतो: एक अष्टकोनी विहीर, तिला जोडलेली लांबट विहीर आणि दोन्हींच्या मध्ये पूल. त्या पुलाच्या पोटात चक्क महाल आहे. खांबांवर कोरीवकाम, वर जायला चोरजिना, आणि वरच्या अंगाला मोटा चालवायच्या जागा. नाव बारा मोटेची असलं तरी थारोळी, म्हणजे मोटेचं पाणी ओतायच्या जागा, पंधरा आहेत, मुलांना मोजायला लावा. हे सगळं पाणी परिसरातल्या आमराईसाठी उपसलं जायचं. पायऱ्या रुंद आहेत पण उतार बराच आहे. आईंना खालपर्यंत नेऊ नका, वरच्या काठावरूनही अर्धी गंमत कळते. उन्हाच्या आधी पोचलात तर महालात बसून न्याहारीचा डबा उघडावासा वाटेल, पण तिथं खाऊ नका. गावकऱ्यांनी ती जागा स्वच्छ ठेवली आहे.

तिथून कऱ्हाडला प्रीतिसंगम. नद्यांचे संगम पुष्कळ पाहिले असतील, पण इथं कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन एकमेकींना भिडतात आणि मग काटकोनात वळून पूर्वेला जातात. काठावरच्या बागेतून हे नीट दिसतं, आणि तिथंच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. अर्धा तास पुरे. जेवण कऱ्हाडात उरकून घ्या.

कोल्हापूरच्या अलीकडे टोपजवळ डोंगरावर साठ फुटांहून उंच गणपती बसलेला दिसेल. चिन्मय मिशनचा आहे. मुलं लांबूनच ओरडायला लागतात. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे आईंचीही सोय आहे. दिवस कलताना जा, उन्हाचा त्रास होत नाही.

दुसऱ्या दिवशी अंथरुणातून लवकर उठावं लागेल. गंगावेशीत दूध कट्ट्यावर सकाळी म्हशी आणून उभ्या करतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. संध्याकाळीही कट्टा भरतो. भर शहरात, दुकानांच्या समोर, रस्त्याच्या कडेला हे रोज चालतं. कोल्हापूरच्या तालमीतल्या पोरांची ही जुनी सवय, आणि मला विचाराल तर या शहराची ओळख म्हणून मी देवळाआधी हा कट्टा दाखवतो. एक गोष्ट मात्र काळजीनं सांगतो. धारोष्ण दूध म्हणजे न तापवलेलं दूध. ज्यांना सवय नाही त्यांचं पोट बिघडू शकतं, त्यातून तुमच्याबरोबर वय झालेली आई आणि लहान मुलं आहेत. त्यांना बघू द्या, दूध बाटलीत घ्या आणि मुक्कामी तापवून प्या.

कट्ट्यावरून खरी कॉर्नरला या. चौकात एक मोठा कॅमेरा उभा आहे. तो बाबूराव पेंटरांच्या स्मरणार्थ उभारलेला कॅमेरा मानस्तंभ. परदेशी कॅमेरा मिळेना म्हणून या माणसानं कोल्हापुरात सुटे भाग घडवून स्वतःचा सिने-कॅमेरा तयार केला, १९१८ च्या सुमारास, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट पडद्यावर आणला. चौकात वाहनांची गर्दी असते, म्हणून सकाळीच बघा. जवळच बिनखांबी गणेश मंदिर आहे, नावाप्रमाणे आत एकही खांब नाही. पाच मिनिटांचं काम.

आता त्या दिवसाचं मुख्य ठिकाण. नऊच्या आत कोल्हापूर सोडा, कारण साडेबाराच्या सुमारास तुम्ही खिद्रापूरला असायला हवं. वाटेत नृसिंहवाडी लागते. तिथं दर्शन, बासुंदी, कवठाची बर्फी. कुरुंदवाडही वाटेवरच. या गावात गणेशोत्सवात मशिदींमध्ये गणपती बसवतात, आणि मोहरमच्या वेळी हिंदू घरंही तितक्याच हौसेनं पुढं असतात. डिसेंबरात तुम्हाला ते दिसणार नाही, पण गावातून जाताना मुलांना सांगा.

खिद्रापूर म्हणजे कृष्णेच्या काठावरचं, कर्नाटकच्या हद्दीला चिकटलेलं लहानसं गाव. तिथलं कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढचा स्वर्गमंडप हीच खरी अजब गोष्ट. ४८ खांब, आणि मधोमध छतच नाही. १२ खांबांच्या आतल्या वर्तुळावर मोठं गोल भोक, थेट आकाश. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तेवढ्याच आकाराचा एक गोल दगड. यज्ञाचा धूर बाहेर जावा म्हणून झरोका ठेवला असं म्हणतात.

बहुतेक लोक दगडावर उभे राहून वर बघत फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही एक करा. साडेबाराच्या आसपास एका कडेला बसून उन्हाची चकती बघा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे ती चकती गोल दगडावर न पडता उत्तरेकडे सरकते आणि खांबांवर चढते. एरवी सावलीत असलेलं कोरीवकाम उजळून निघतं, घासूनपुसून तुकतुकीत केलेल्या खांबांच्या कडा चमकायला लागतात आणि थोड्या वेळानं ऊन पुढच्या खांबावर जातं. बसून राहिलात तर ती सरकताना दिसते. मुलांना खडूनं नाही, बोटानं जमिनीवर जागा दाखवून ठेवायला सांगा आणि दहा मिनिटांनी परत बघायला लावा. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, तेव्हा चकती आणि दगड एकमेकांवर बसतात. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र झरोक्यावर येतो तेव्हा तर मंडपात पाय ठेवायला जागा नसते.

दुसरी गोष्ट आईंना दाखवा. शंकराचं देऊळ आणि समोर नंदी नाही. कथा अशी की सती नंदीवर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली, म्हणून नंदी इथं नाही, तो नदीपलीकडे यडूरला. सतीच्या वियोगानं शंकर कोपला तो कोपेश्वर, आणि त्याची समजूत काढायला आलेला विष्णू धोपेश्वर. गाभाऱ्यात दोन्ही लिंगरूपात शेजारी शेजारी आहेत. बाहेरून प्रदक्षिणा घालताना मंदिराचा भार पाठीवर घेतलेले हत्ती बघा, एकाचंही अलंकरण दुसऱ्यासारखं नाही. मंदिर फार सोसलेलं आहे, बरीच शिल्पं तुटलेली आहेत. शिल्पांना हात लावू देऊ नका.

परतताना वेळ असेल तर मिरज. इथं सतार आणि तंबोरे बनवणारी गल्ली आहे. मूळचे शस्त्रांना धार लावणारे शिकलगार, एकोणिसाव्या शतकात वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि पुढे सतारमेकर हेच आडनाव झालं. पंढरपूर-मंगळवेढा भागातले मोठाले भोपळे दुकानांच्या माळ्यावर वाळत टांगलेले असतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. विकत घ्यायचं नसलं तरी कारागीर हाकलून देत नाहीत, फक्त जव्हारी लावणं चालू असेल तेव्हा बोलू नका. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानसून कानसून तार मधूनमधून छेडून ऐकायची, हे काम कानावर चालतं. मागून मुलांचा कलकलाट सुरू झाला की कारागीर हात थांबवतो. जयसिंगपूरमार्गे परत या आणि भडंग घ्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुऱ्हाळ. डिसेंबर सांगितला त्याचं अर्धं कारण हेच. दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. पूर्वी राधानगरी आणि गगनबावडा रस्त्याला वळसागणिक धूर दिसायचा. साखर कारखाने, मजुरांची टंचाई आणि गुळाचा न परवडणारा भाव यांत बरीच गुऱ्हाळं बंद पडली. जी चालू आहेत ती बघून घ्या, असं मी प्रत्येकाला कळकळीनं सांगतो.

पाटी शोधू नका. शेताच्या कडेला वाळत घातलेल्या चिपाडाचे ढीग आणि वर धुराडं दिसलं की गाडी रस्त्याच्या खाली घ्या, मालकाला विचारा आणि आत जा. घाण्यातून निघालेला रस काहिलीत येतो, खाली चुलवाणात चिपाडाचाच जाळ. म्हणजे ऊसच ऊस शिजवतो. रस तापला की त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात. त्यानं सगळी घाण फेसाबरोबर वर येते, ती मळी झाऱ्यानं काढून टाकतात. मग रस आटत जातो, रंग हिरवट काळ्यावरून पिवळसर आणि पुढे सोनेरी होतो, बुडबुडे मोठे होतात. इथून पुढचं सगळं गुळव्याच्या, म्हणजे गूळ करणाऱ्या मुख्य कारागिराच्या हातात. थर्मामीटर नसतो. तो फावडीवरून पाकाचे दोन थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि तांब्याच्या काठावर आपटून आवाज ऐकतो. गोळी मऊ असेल तर जाळ चालू, टणक वाजली की एक इशारा, आणि सगळे मिळून काहील वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या उथळ हौदात ओततात. त्यात मिनिटाचा उशीर झाला तर आदण (काहिलीतला एका वेळचा रस) करपतं, लवकर झालं तर गूळ बसत नाही. अख्ख्या आदणाची किंमत त्या एका आवाजावर अवलंबून असते. ते पाहिल्यावर गुळाच्या ढेपेकडे बघायची नजर बदलते.

काही गोष्टी पाळा. काहिलीपासून मुलांना चार हात लांब ठेवा, जमीन रसानं निसरडी असते. ओतायच्या वेळी मध्ये येऊ नका, आणि फोटोसाठी कुणाला थांबवू नका. वाफ्यातला गरम गूळ हातावर मिळेल, काकवीही मिळेल. पैसे घेत नाहीत म्हणून फुकट खाऊन निघू नका, दोन किलो गूळ विकत घ्या. फार पिवळाधमक दिसणाऱ्या गुळाच्या मागे लागू नका, गडद तपकिरी मागा. पिवळा रंग आणण्यासाठी रसायनं घालतात, हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

दुपारच्या आत टाऊन हॉलच्या संग्रहालयात डोकवा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या उत्खननात मिळालेली, वीतभराहूनही लहान अशी काशाची मूर्ती तिथं आहे. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. समुद्रापासून सह्याद्रीच्या अलीकडे इतक्या आत, पंचगंगेच्या काठावर ती आली ती रोमन व्यापाराबरोबर, दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास. शहराच्या मध्यभागी असून कोल्हापूरकरच तिला फारसे बघायला जात नाहीत. सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या.

मग कणेरी मठ. गोकुळ शिरगावच्या पुढे हायवेवरून आत, सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. बारा बलुतेदार, शेती, बाजार, घरं, जनावरं, सगळं माणसाच्या उंचीचं आणि सिमेंटचं. शिल्पं इतकी हुबेहूब आहेत की लहान मुलं हात लावून बघतात. तुमची मुलं लिंबची विहीर पाहून आली असतील तर मोट, नाडा, बैल यांचे प्रश्न इथं सुटतील. चालणं बरंच आहे, आईंसाठी मध्ये बसायच्या जागा बघून ठेवा.

एवढं करून तीन दिवस भरतात. आदमापूरला बाळूमामांची बकरी, त्यांचे बग्गे (कळप) रस्त्यानं चाललेले दिसले तर थांबून वाट द्या, पण मुद्दाम तिकडे जायला चौथा दिवस लागेल. पाटगाव, मधाचं गाव, तेही तसंच.

आता ऑगस्टचं सांगतो, कारण आई आणि मुलं घरी राहिली आणि तुम्ही मोठी माणसंच आलात तर कदाचित तोच पर्याय बरा.

उंब्रजहून चाफळमार्गे सडावाघापूर. पठाराच्या कड्यावरून पाणी खाली पडायचं ते वाऱ्यानं उलटं वर फेकलं जातं आणि पठारावर उभ्या असलेल्यांना भिजवतं. जोराचा पश्चिम वारा असेल तरच. वारा पडला तर साधा धबधबा, तोही लहान. धुकं भरलं तर काहीच नाही. कड्याच्या टोकाला जाऊ नका, वाऱ्याचा झोत एकदम थांबतो तेव्हा पुढे रेललेला माणूस तोल जाऊन पडतो.

नृसिंहवाडीला पाणी चढतं तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. नदी उत्तरेकडून देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक धावत येतात. तारीख नदी ठरवते. स्थानिक बातम्यांवर लक्ष ठेवा, पाणी आणखी वाढलं की देऊळच बुडतं आणि उत्सवमूर्ती वर हलवावी लागते.

आणि राधानगरी. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. वीज नाही, मोटर नाही, कळ दाबणारा माणूस नाही. पाणी ३४७.५ फुटांच्या पूर्ण पातळीला भिडलं की दरवाजा पाण्याच्याच जोरावर आपोआप उघडतो, पातळी उतरली की आपोआप मिटतो. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. जिल्हाभर लोक 'कितवा उघडला?' म्हणून एकमेकांना फोन करतात, कारण त्यावर पंचगंगेचं पाणी कुठवर येणार ते कळतं. मला विचाराल तर जिल्ह्यातली सगळ्यात थोर गोष्ट हीच. शंभर वर्षांपूर्वीच्या विचाराचं यंत्र अजून कामावर आहे. लांबून, सुरक्षित जागेवरून बघा. भोगावतीच्या पात्रात उतरू नका, पाणी कधी वाढेल ते नदीला विचारून ठरत नाही.

गगनबावड्याला एकाच गावातून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात, आणि गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आणि गैबी पीराचा दर्गा एकाच वाटेवर आहेत. पण दरड पडली की घाट बंद होतात, आदल्या दिवशी खात्री करा.

ऑगस्टात निघताना एवढं धरून चाला की २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि कोल्हापूरचा पुण्याशी रस्ता काही दिवस तुटला होता. परतीच्या दिवसाचं कुठलंही महत्त्वाचं काम ठेवू नका. डिसेंबरात पुराची भीती नाही, पण ऊस वाहतूक जोरात असते. अंधार पडल्यावर शिरोळ, हातकणंगले, कागल भागातल्या रस्त्यांवर मागचे दिवे नसलेल्या डबल ट्रॉल्या असतात, त्या अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. खिद्रापूरहून मिरजमार्गे परतताना सूर्य मावळायच्या आत कोल्हापूर गाठा. तेवढ्यासाठी मिरज सोडावं लागलं तरी चालेल, खिद्रापूर सोडू नका.